नातीला पत्रकारिता शिकायची आहे

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या नातीने पेढ्याचा डबा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आबाजी, मले पत्रकारिता शिकायची हाय." तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा मुलगा, आत हातपाय धूत होता. तो तसाच बाहेर आला. पुढचे दोन आठवडे आमच्या घरातली जेवणे याच एका विषयावर झाली. बी.एड. करावे, फार्मसी करावी, नाही तर सरळ स्पर्धा परीक्षेला बसावे, असे सगळे सल्ले देऊन झाल्यावर मुलगा शेवटी मला म्हणाला, "बाबा, आता तुमीच सांगा तिले. तुमच्याच गुणावर गेली थे."

हा टोमणा होता हे नातेवाईक मंडळींच्या लगेच ध्यानात येईल. इतरांसाठी सांगतो. मी अंजनगाव सुर्जीला पस्तीस वर्षे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले, आणि त्यातली वीसेक वर्षे अमरावतीच्या वर्तमानपत्रांना गावच्या बातम्या पाठवल्या. मानधन म्हणाल तर वर्तमानपत्राचा एक अंक फुकट. त्या नादापायी घरच्या लग्नकार्यांतून मी किती वेळा मधेच उठून गेलो याचा हिशेब सौभाग्यवतींनी अजून ठेवलेला आहे.

मी मुलाला म्हणालो, मला थोडे दिवस दे. इतिहासाच्या मास्तराला मागे गेल्याशिवाय पुढचे बोलता येत नाही. म्हणून आधी मागचे सांगतो.

अंजनगाव सुर्जीचे नाव जगाला कळले ते ३० डिसेंबर १८०३ या दिवशी. त्या दिवशी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथे तह झाला. त्याआधी २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली होती आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला होता. तहात शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच, अहमदनगर एवढे सगळे सोडले. इंग्रजांकडून आर्थर वेलस्ली होता, तोच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. शाळेच्या पुस्तकात आमच्या गावाला यापायी एक ओळ मिळते. ती ओळ शिकवताना मला दरवर्षी थोडा अभिमान वाटायचा, आणि दरवर्षी कोणी तरी पोरगा विचारायचाच, "सर, गावातले लोक काय म्हनले असन तवा?"

या प्रश्नाला माझ्याजवळ कधी उत्तर नव्हते. वेलस्लीची पत्रे आणि खलिते पुढे १८३० च्या दशकात खंडच्या खंड छापले गेले. दरबारांकडे अखबारनवीस असत, पण त्यांच्या बातम्या धन्याच्या डोळ्यांसाठी होत्या. मराठीतले पहिले वर्तमानपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण', निघाले ६ जानेवारी १८३२ रोजी, म्हणजे तहानंतर अठ्ठावीस वर्षांनी, तेही मुंबईत. फौजांनी या भागातला कडबा किती नेला, ज्वारीचा भाव कुठे गेला, पानमळ्यांना पाणी कोणी दिले, हे अंजनगावच्या तोंडून कुठे उतरले नाही. गाव बातमीत आले खरे, पण बातमी परक्याने लिहिली. दोनशे वर्षांनंतरही यात फारसा फरक पडला आहे असे मला वाटत नाही. २००६ साली विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर देशभर बोलले जात होते, तेव्हा पी. साईनाथ यांनी एक हिशेब मांडला होता. मुंबईच्या फॅशन वीकला पाचशेच्या वर पत्रकार होते आणि विदर्भात बाहेरून येऊन ठाण मांडलेले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. ते बाहेरून आले म्हणून जगाला कळले, याबद्दल त्यांचे ऋण आहेच. पण आमच्यातले कोण लिहीत होते?

आमच्यातले आम्हीच लिहीत होतो, आणि कसे लिहीत होतो तेही सांगितले पाहिजे.

त्या काळी तालुक्याचा वार्ताहर म्हणजे एक तर शाळामास्तर, नाही तर वकिलाचा कारकून, नाही तर ज्याच्याकडे पेपरची एजन्सी आहे तो. बातमीखाली नाव नसे, 'आमच्या वार्ताहराकडून' एवढेच. मी रात्री कार्बन लावून बातमी लिहायचो, एक प्रत माझ्या वहीत राहायची. सकाळी शाळेच्या आधी एस.टी. स्टँडवर जाऊन अमरावतीच्या गाडीच्या कंडक्टरला पाकीट द्यायचे. अमरावतीच्या स्टँडवर वर्तमानपत्राचा शिपाई येऊन सगळ्या तालुक्यांची पाकिटे गोळा करायचा. बातमी छापून यायची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शहानूर नदीला पूर आला आणि गाड्या बंद पडल्या, तर पुराची बातमी पूर ओसरल्यावर जायची. पानपिंपळीचा भाव पडला, पानमळ्यांवर रोग आला, शकुंतला (म्हणजे मूर्तिजापूर-अचलपूरची आमची छोटी रेल्वे, आता तीही बंद आहे) रुळावरून घसरली, देवनाथ मठाचा उत्सव झाला, असले माझे विषय.

लिहायचे कसे हे कोणी शिकवले नव्हते. मी निबंध लिहायचो. एकदा संपादकीय विभागातून पोस्टकार्ड आले होते: 'गुरुजी, आपल्या बातमीत मेलेला माणूस सातव्या ओळीत सापडला. पुढच्या वेळी पहिल्या ओळीत मारावा.' माझे पत्रकारितेचे शिक्षण ते एवढेच. पुढे हे शिकवणारी विद्यालये असतात असे कळले तेव्हा मला हसू आले होते. ते हसणे चुकीचे होते हे समजायला बरीच वर्षे गेली.

पत्रकारिता वर्गात शिकवायची ही कल्पना मुळात अमेरिकेतली. मिसुरी विद्यापीठात १९०८ साली पहिली शाळा निघाली. १९१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दुसरी मोठी शाळा निघाली, ती पुलित्झर या वर्तमानपत्राच्या मालकाने ठेवलेल्या पैशातून. आपल्याकडे ॲनी बेझंट बाईंनी १९२० च्या सुमारास अड्यारला प्रयत्न केला. अलीगढला १९३८ साली वर्ग निघाला आणि दोन वर्षांत बंद पडला. लाहोरला १९४१ साली पृथ्वीपाल सिंग यांनी विभाग काढला. फाळणी झाली तेव्हा तो निर्वासितांबरोबर दिल्लीला आला आणि नंतर चंदीगडला गेला. मग मद्रास, कलकत्ता, म्हैसूर आणि १९५२ साली आमचे नागपूर.

होय, नागपूर. पुणेकर वाचकांनी रागावू नये, पण पुणे विद्यापीठाचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाला तो १९६४ साली, नागपूरच्या बारा वर्षे नंतर. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वुल्सली नावाचे प्राध्यापक फुलब्राइट योजनेतून आले होते. त्यांनी हा विभाग उभा केला, आणि १९५३ साली आधुनिक भारतातल्या पत्रकारितेवर एक इंग्रजी पुस्तकही संपादित करून काढले. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची मावळती राजधानी. इंग्रजी, हिंदी, मराठी तिन्ही भाषांची वर्तमानपत्रे तिथे होती. म्हणजे जागा बरोबर निवडली होती.

पण अंजनगावच्या पोराला त्याचा काय उपयोग? मी बी.ए. झालो १९७१ साली. माझ्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचे नाव आहे, कारण अमरावतीला तेव्हा विद्यापीठ नव्हते. अमरावतीला खोली करून राहायलाच वडिलांनी एक गाय विकली होती. नागपूरला जाऊन इंग्रजीतून बातम्या लिहायला शिकतो, असे मी घरी म्हटले असते तर त्यांनी मला वैद्याकडे नेले असते.

१ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा आम्हा मास्तरमंडळींना फार आनंद झाला होता. विद्यापीठ जवळ आले म्हणजे परीक्षेचे निकाल लवकर लागतील एवढाच त्याचा अर्थ नव्हता. या भागाचा अभ्यास आता या भागात होईल असे आम्हाला वाटले होते. कापूस, संत्री, खारपाणपट्टा, मेळघाट, आणि आमची वऱ्हाडी बोली.

२००५ साली या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले. त्याच वर्षी नागपूरच्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. यातला योग तुम्ही पाहा. गाडगेबाबा २३ फेब्रुवारी १८७६ ला आमच्याच तालुक्यात शेंडगावला जन्मले. त्यांना शाळा लाभली नाही, आणि तुकडोजी महाराजांची शाळाही लहानपणीच सुटली. पण विसाव्या शतकात विदर्भातल्या खेड्यापाड्यांशी या दोघांइतके कोणी बोलले नाही. गाडगेबाबा गावात यायचे, दिवसभर खराट्याने गाव झाडायचे. हा कोण वेडा, म्हणून लोक पाहायचे. रात्री तोच माणूस कीर्तनाला उभा राहायचा आणि अख्खा गाव समोर बसलेला असायचा. कीर्तन म्हणजे काय, तर प्रश्न. ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे. उत्तर देता देता लोकांच्याच तोंडून निघायचे की कर्ज काढून लग्न करू नये, देवाला बकरे कापू नये, पोराला शाळेत घालावे. तुकडोजी महाराज तेच काम खंजिरीवर करायचे. दोन विद्यापीठांची नावे विदर्भातल्या दोन सर्वात मोठ्या संवादकांची आहेत, आणि 'संवाद' या विषयाच्या वर्गात या दोघांना किती तास मिळतात?

मी एक-दोन ठिकाणची माध्यमशास्त्राची क्रमिक पुस्तके चाळली. पहिल्या प्रकरणात अमेरिकेच्या लासवेल साहेबांचे १९४८ सालचे सूत्र असते: कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणाला म्हणतो आणि त्याचा परिणाम काय होतो. मग शॅनन आणि वीव्हर यांची बाणांची आकृती. एका टोकाला पाठवणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा, मध्ये अडथळा. शॅनन हे टेलिफोन कंपनीचे इंजिनिअर होते, त्यांना तारेतून संदेश कसा शाबूत जातो हे पाहायचे होते. त्यांची आकृती त्या कामासाठी उत्तमच आहे. पण गाडगेबाबांचे कीर्तन तिच्यात बसवून दाखवा. तिथे घेणाराच अर्धे बोलतो. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्याला झालेले त्यांचे शेवटचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, आजही ऐकायला मिळते. त्यात लोकांचे आवाज ऐका. ते नुसते ऐकणाऱ्यांचे आवाज नाहीत.

हे लिहिताना मी थोडा तापलो, हे सौभाग्यवतींनी खोलीत येऊन सांगितले. असो.

नव्या विद्यापीठांनी माध्यमांचा विषय का उचलला, याची गोष्ट आपल्याकडची आणि विलायतेची फार वेगळी नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड होगार्ट यांनी १९६४ साली एक केंद्र काढले. सिनेमा, मासिके, टीव्ही, साध्या माणसाची करमणूक यांचाही गंभीर अभ्यास झाला पाहिजे, ही त्यांची भूमिका. जुन्या विद्यापीठांना ते फारसे रुचले नाही. विषय रुजला तो लंडनच्या पॉलिटेक्निकसारख्या ठिकाणी. तिथे १९७५ साली माध्यमशास्त्राची पदवी सुरू झाली. १९९२ साली या पॉलिटेक्निकांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि विषय भराभर पसरला. लगेच टीकाही आली. या पदव्यांना तिकडचे लोक 'मिकी माउस' म्हणू लागले. आणि जिथून सुरुवात झाली ते बर्मिंगहॅमचे केंद्र विद्यापीठाने २००२ साली बंदच करून टाकले, विद्यार्थी येत असताना. चेष्टा करणारे एक गोष्ट विसरत होते. मुलाच्या हातात कोणता आरसा दिला जातो, तो कोण धरतो आणि त्यात काय दिसू दिले जात नाही, हे तपासणे काही हलके काम नाही.

आपल्याकडे वाहिन्या आल्या तशी १९९० नंतर लाट आली. भोपाळला माखनलाल चतुर्वेदींच्या नावाचे पत्रकारितेचे विद्यापीठ १९९० च्या कायद्याने झाले. वर्ध्याला १९९७ साली हिंदी विश्वविद्यालय आले, त्यात माध्यमांचा विभाग आला. रायपूरला २००५ च्या सुमारास आणखी एक पत्रकारिता विद्यापीठ सुरू झाले. जयपूरला २०१२ साली झाले, पण सरकार बदलल्यावर ते बंद केले गेले आणि पुन्हा सरकार बदलल्यावर २०१९ साली परत उघडले. (विद्यापीठ म्हणजे काय पानटपरी आहे?) आमच्या अमरावतीला दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र २०११ साली विद्यापीठाच्या आवारात सुरू झाले, पुढे तिथे मराठी पत्रकारितेचाही अभ्यासक्रम आला. २०२४ साली त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यात अमरावतीही आली. १९६५ साली दिल्लीत निघालेली संस्था आमच्या दारापर्यंत यायला सेहेचाळीस वर्षे लागली. पण आली. शिवाय गावोगावच्या महाविद्यालयांतून पदविका आणि पदव्या निघाल्या, काही चालल्या, काही नुसत्या फलकावर राहिल्या.

नातीला घेऊन मी असाच एक विभाग पाहायला गेलो. गाव आणि महाविद्यालय सांगत नाही. एक खोली, भिंतीवर जुन्या वर्तमानपत्रांचे मुखपृष्ठ चिकटवलेले, एक काचेचे कपाट. कपाटात कॅमेरा होता, पण किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. विभागाचे एकमेव अध्यापक तासिका तत्त्वावर. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीचे नाही, आणि पुढच्या वर्षी राहाल की नाही ते पुढच्या वर्षी कळेल. पस्तिशीचा माणूस, नेट पास झालेला. त्याने मला बसायला आपली खुर्ची दिली, कारण दुसरी नव्हती. नात पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा हळूच म्हणाला, "सर, पोरगी हुशार दिसते. इथी नका टाकू."

मी गप्प झालो. स्वतःच्या दुकानातला माल घेऊ नका, असे सांगणारा माणूस मी फार कमी पाहिला आहे.

मग त्यानेच एक गठ्ठा काढला. त्याच्या विद्यार्थ्यांनी एक महिनाभर दोन वर्तमानपत्रांची तालुक्याची पाने कापून विषयवार डकवली होती. पुढाऱ्यांचे वाढदिवस, सत्कार आणि निवडीबद्दल अभिनंदन यांचा ढीग वीतभर. अपघात आणि गुन्ह्यांचा चार बोटे. पाणी, पीक, दवाखाना, शाळा हे सगळे मिळून दोन बोटे. अभ्यासक्रमात या कामाला फारसे गुण नाहीत, त्याने आपल्या मनाने करून घेतले होते. नात परत आली आणि त्या ढिगांपाशी उभीच राहिली. त्या दिवशी मला कळले की बातमी लिहायला शिकवणे वेगळे आणि बातमी तपासायला शिकवणे वेगळे. पहिले मला पोस्टकार्डावरून शिकता आले. दुसरे मला कोणी शिकवले नाही, म्हणून मी वीस वर्षे लिहून ते कधी केले नाही.

आमच्या नव्या विभागांनी पहिल्यावरच सगळा भर दिला, म्हणजे वर्तमानपत्राला हातखंडा माणूस पुरवायचा. आणि त्या नोकऱ्याच आटत चालल्या आहेत. याबद्दल मला एका माणसाचे सांगायचे आहे, कारण त्याचा दोष माझ्याकडे येतो. माझा एक विद्यार्थी, निबंधात नेहमी पहिला. १९९७ साली मीच त्याच्या वडिलांना समजावून त्याला पत्रकारितेच्या पदविकेला पाठवले. एका दैनिकाने त्याला तालुक्याचा वार्ताहर केले. पगार नाममात्र, बाकी जाहिरातीवर कमिशन. गणपती, दिवाळी, पंधरा ऑगस्ट, प्रत्येक पुरवणीला जाहिरातींचे लक्ष्य ठरलेले. सकाळी ज्याच्याकडे जाहिरात मागायची त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी लिहायची, हे कसे जमावे? मार्च २०२० ला टाळेबंदी झाली आणि दोन महिन्यांनी एका फोनवर त्याचे काम संपले. तेवीस वर्षांचे काम. आता तो मालवाहू टेम्पो चालवतो. मला रस्त्यात भेटला तरी पाया पडतो, आणि मला ते पाय मागे घ्यावेसे वाटतात.

त्यालाच विचारायला मी गेलो. त्याने उत्तर दिले नाही, खिशातून मोबाइल काढला. गावच्या बातम्यांचा त्याचा एक व्हॉट्सॲप गट आहे, फुकटचा, हौसेचा. त्याने मला २०१८ च्या जुलैमधला एक निरोप दाखवला, तो त्याने मुद्दाम जपून ठेवला आहे. पोरे पळवणारी टोळी फिरत आहे, असा तो निरोप. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला याच अफवेवरून पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारले होते, हे आपल्या सगळ्यांना आठवत असेल. त्याच आठवड्यात तसाच निरोप आमच्याकडे आला. आठवडी बाजारात बाहेरगावचे काही लोक पाल ठोकून होते. यातला फोटो भलत्याच ठिकाणचा आहे हे याने ओळखले. पोलीस ठाण्याला फोन करून खात्री केली, आणि रात्री साडेअकराला गटावर लिहिले की हे खोटे आहे, मी स्वतः विचारले आहे. "सर, पेपरात होतो तवा माह्या कोनत्याच बातमीनं कोनाचा जीव वाचला नाही," तो म्हणाला. "हे टेम्पोवाल्यानं केलं."

फोटो खोटा हे तुला कसे कळले, असे मी विचारले. म्हणाला, पदविकेला एक सर होते, ते दर शनिवारी एक फोटो दाखवून विचारायचे, हा कुठला, कोणी काढला, कशासाठी काढला? तेही सर तासिका तत्त्वावरच होते म्हणे.

घरी येऊन मी माझे मत सांगितले. ते मुलाला पटले नाही आणि नातीलाही पूर्ण पटले नाही, म्हणजे बहुधा बरोबर असावे. आधी इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. कर, आणि एक विषय अर्थशास्त्र ठेव. ज्याला पीक विमा कसा चालतो आणि जिल्हा परिषदेचा पैसा कुठून येतो हे माहीत नाही त्याने बातमी लिहायला शिकून काय लिहायचे? नव्या शैक्षणिक धोरणात सोबत माध्यमांचा विषय घेता येत असेल तर घे. नंतर पदव्युत्तरला अमरावती, नागपूर, पुणे, जिथे कायमचे शिक्षक असतील तिथे जा. आधी शिक्षक पाहा, कॅमेरा मागाहून. नोकरी मिळेल असे मी लिहून देत नाही. मुलगा म्हणाला, "मंग उपयोग काय?" मी म्हणालो, मी पस्तीस वर्षे इतिहास शिकवला, तेव्हा तू हे कधी विचारले नाहीस, कारण पगार येत होता.

आणि विद्यापीठांकडेही एक मागणे आहे, माझे कोण ऐकणार ते सोडा. वऱ्हाडातल्या साप्ताहिकांच्या आणि दैनिकांच्या जुन्या फायली घराघरांतल्या माळ्यांवर वाळवी खात आहेत. तालुक्याला बातम्या लिहिणारी आमची पिढी सत्तरी-ऐंशीत आहे, दरवर्षी दोन-चार जण कमी होतात. एस.टी.तून बातमी कशी जायची हे सांगणारे आणखी दहा वर्षांनी कोणी नसेल. गाडगेबाबांच्या कीर्तनात बसलेली शेवटची माणसे आता नव्वदीला टेकली आहेत. माध्यमांच्या विद्यार्थ्यांनी एक उन्हाळा यांच्याकडे काढावा. कॅमेरा कपाटात असला तरी चालेल, मोबाइल सगळ्यांकडे आहे.

मी नातीला माझ्या कार्बन प्रतींच्या वह्या दिल्या. अकरा वह्या आहेत, निळी शाई उडत चालली आहे. म्हटले, सुरुवात घरापासून कर, त्या सरांसारखे ढीग लाव. तिने चार दिवस त्या वाचल्या. पाचव्या दिवशी ओसरीवर येऊन बसली.

"आबाजी, यातल्या बायका कुठी हायेत?"

मी म्हणालो, आहेत की, नीट पाहा. मग चष्मा लावून मीच पाहायला बसलो. शाळेत माझ्या वर्गात निम्म्या मुली असायच्या. पानमळ्यात पाने खुडायला, पानपिंपळी वेचायला बायाच असायच्या, त्यांची रोजी वाढली तेव्हा मी बातमी केली होती. ती बातमी सापडली. तिच्यात मजूर आहेत, मालक आहेत, तहसीलदार आहेत. दुपारपर्यंत मला तीन नावे सापडली. दोघी विहिरीत पडून गेलेल्या होत्या आणि एकीने पालकमंत्र्यांना ओवाळले होते.

नात ते आकडे कागदावर लिहून घेत होती. सहा वह्या राहिल्या आहेत.